ग्रीसच्या बेटांवर बोटीने: नॅक्सोसला तळ ठोका, सँटोरिनी दोन रात्रींत उरका

हा रिव्ह्यू कुठल्या एका हॉटेलचा नाहीये हं, अख्ख्या बोटप्रवासाचा आहे. म्हणजे अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघायचं, सायक्लाडीज नावाच्या बेटांच्या घोळक्यात एकेका बेटावर उतरायचं, राहायचं, खायचं प्यायचं आणि परत पुढची बोट पकडायची. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, कॉलेजातली लेक आणि सासूबाई. सासूबाई पूर्ण शाकाहारी, गुडघे जरा कुरकुरणारे, आणि नवरा असा की मासे दिसले की बाकी जगाचा विसर पडतो, त्यामुळे दोन्ही टोकांच्या लोकांना उपयोग होईल असं लिहिता येईल असं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, कारण टूरवाले नेमकं याच्या उलट विकतात. मोठी हळू जाणारी बोट घ्या, बेटं कमी घ्या, आणि जी घ्याल ती एकाच लाइनवरची घ्या. आमच्याकडे आलेल्या एका टूर कंपनीच्या प्लॅनमध्ये आठवड्यात मिकोनोस, मीलोस, सँटोरिनी, क्रीट असं सगळं कोंबलेलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी हायस्पीड बोट. कागदावर मस्त दिसतं, पण प्रत्येक बोटीच्या दिवशी सकाळी खोली सोडा, बंदरावर थांबा, बोट, परत बंदर, परत खोली, या सगळ्यात अर्धा दिवस सहज जातो आणि बेट म्हणून काही हाताला लागत नाही.

लाइन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळं प्लॅनिंग त्यावरच उभं आहे. पिरेयसहून निघणाऱ्या बोटी एसटीसारख्या ठरलेल्या रूटवर जातात. मधल्या रूटवर पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी येतात. पश्चिमेच्या रूटवर किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस, मीलोस. एकाच रूटवरच्या बेटांमध्ये रोज बोटी असतात आणि तिकीटही परवडतं, पण एका रूटवरून दुसऱ्यावर उडी मारायची म्हटली की उन्हाळ्यातल्या मोजक्या हायस्पीड बोटींवर अवलंबून राहावं लागतं, नाहीतर परत पिरेयसला येऊन नव्याने सुरुवात. नकाशावर मीलोस आणि सँटोरिनी जवळ दिसतात म्हणून फसू नका. आम्ही मधला रूट घेतला आणि नॅक्सोसवरून छोट्या बेटांकडे फाटा फोडला, तो फाटाच खरा हायलाइट ठरला, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितेय.

पिरेयसला पोचणं आता फार सोपं झालंय. मेट्रोची तीन नंबरची निळी लाइन २०२२ पासून एअरपोर्टपासून थेट पिरेयसपर्यंत जाते, साधारण तासाभराचा प्रवास. बंदर अवाढव्य आहे, गेटांना ई-१ ते ई-१२ असे नंबर आहेत, पण या बेटांच्या बोटी बहुतेक करून मेट्रो स्टेशनसमोरच्या ई-६, ई-७ च्या बाजूने सुटतात, तरी तिकिटावरचा गेट नंबर बघूनच चाला, कारण क्रीटच्या बोटीचं गेट चुकून गाठलंत तर सामानासकट बरीच पायपीट होते. सकाळची मोठी बोट साडेसातच्या आसपास सुटते, त्यामुळे आदल्या रात्री पिरेयसमध्येच राहिलेलं बरं.

आता मोठी बोट विरुद्ध हायस्पीड. ब्लू स्टार कंपनीची जी मोठी बोट आहे ती रो-रो आहे, पोटात ट्रक आणि गाड्या, वर अनेक मजले माणसं. पारोसला सव्वाचार तास, नॅक्सोसला सव्वापाच-साडेपाच, सँटोरिनीला साडेसात-आठ तास. हायस्पीड नॅक्सोसला साडेतीन-चार तासांत पोचवते पण तिकीट खूपच चढं, आणि मुख्य म्हणजे बहुतेक हायस्पीडमध्ये तुम्ही बंद काचेच्या आत खुर्चीत बसून राहता. समुद्रातून चाललोय आणि वारा अंगाला लागत नाही, याला काय अर्थ आहे? शिवाय लाटा असल्या की हलकी बोट जास्त उडते, ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. मोठ्या बोटीत सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी तिकिटावर सीट नंबर नसतो पण वरच्या उघड्या डेकवर कुठेही बसता येतं आणि सगळ्यात छान जागा तीच आहे. सासूबाईंसाठी मात्र आम्ही नंबर असलेली विमानासारखी सीट घेतली, थोडेच पैसे जास्त, आणि त्या तासभर आत झोपल्या की परत वर यायच्या, "अगं चल ना वर, इथे काय बसायचं," असं मलाच म्हणायच्या.

डेकवर कुठल्या बाजूला बसायचं याचाही विचार करा. वारा उत्तरेकडून येतो आणि बोट आग्नेयेला चाललेली असते, म्हणजे डावी बाजू वाऱ्याची, उजवी आडोशाची. पण सुरुवातीला डावीकडेच उभे राहा कारण अथेन्सचा किनारा संपतो तिथे सुनिओनचं टोक येतं आणि त्यावर पोसायडनचं देऊळ, समुद्राच्या देवाचं, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं. लांबून पांढऱ्या काड्या उभ्या केल्यासारखे खांब दिसतात. जहाजं घेऊन परतणारे लोक शेकडो वर्षं हेच बघत आले असतील आणि आपणही त्याच पाण्यातून ते बघतोय, माझ्या तर अंगावर काटा आला. ते झालं की उजवीकडे येऊन कॉफी घ्या. बोटीवरचं खाणं ठीक आहे, तिरोपिता म्हणजे चीज भरलेलं पफ मिळतं, टोस्ट मिळतात, थंड फेसाळ फ्रेडो एस्प्रेसो उत्तम. जेवण मात्र महाग आणि कोमट, आदल्या दिवशी बेकरीतून काहीतरी बांधून घ्या.

उतरण्याची पद्धत पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं, म्हणून आधीच सांगते. बोट बंदरात शिरते, गर्रकन वळते, मागची बाजू धक्क्याला लावते आणि लोखंडी रॅम्प खाली येतो. थांबते जेमतेम काही मिनिटं. त्यामुळे तुमच्या बेटाची अनाउन्समेंट झाली की लगेच जिन्याने खाली गाड्यांच्या गॅरेजमध्ये उतरायचं, तिथे सामानाच्या रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात, आपल्या बेटाच्या रॅकवर चढताना बॅग ठेवलेली असली की सापडते. मग सगळे लोक ट्रकच्या धुरात उभे, रॅम्प उघडतानाच प्रकाश आत येतो आणि खलाशी शिट्ट्या मारत हाकलायला लागतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर अनाउन्समेंटच्या आधी दहा मिनिटं खाली या, लिफ्ट किंवा सरकता जिना कुठे आहे ते चढतानाच विचारून ठेवा. चाकाच्या मोठ्या बॅगा नकोत, ज्याने त्याने आपली उचलता येईल एवढीच घ्यायची.

वाऱ्याचा विषय गंभीरपणे घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि तरी बोटी बंद. आपल्याला वादळ म्हटलं की पाऊस डोळ्यासमोर येतो, इथे तसं काही नसतं म्हणून लोक बंदरावर वाद घालत बसतात. निर्णय बोट कंपनीचा नसतो, कोस्टगार्डचा असतो. छोट्या आणि हायस्पीड बोटी आधी बंद होतात, मोठ्या बोटी त्यानंतर, हे अजून एक कारण मोठी बोट घेण्याचं. बोट रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, हा युरोपियन युनियनचा नियमच आहे, २०१० सालचा, सुटायला दीड तासाहून जास्त उशीर होणार असला तरी हाच पर्याय मागता येतो. पण एक मेख आहे, कंपनीच्या कारणाने अडकलात तर हॉटेलचा खर्च एका मर्यादेपर्यंत मिळतो, धोकादायक हवामानामुळे अडकलात तर तो मिळत नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका, अथेन्समध्ये या. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

नॅक्सोस. काय लिहू आणि किती लिहू असं झालंय. सायक्लाडीजमधलं सगळ्यात मोठं बेट, आणि मोठं म्हणजे शेतं, गाई, डोंगर, झरे असलेलं, पर्यटक नसते तरी स्वतःच्या जिवावर जगलं असतं असं बेट. बोट शिरतानाच डावीकडे पोर्तारा दिसते, अपोलोच्या न झालेल्या देवळाची संगमरवरी चौकट, इसवीसनपूर्व ५३० च्या सुमारास लिग्दामिस नावाच्या हुकूमशहाने बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि दार तेवढं उभं राहिलं. संध्याकाळी सगळं गाव तिकडे सूर्यास्ताला चालत जातं, तिकीट नाही, फाटक नाही. जाण्याच्या वाटेवर वाऱ्याच्या दिवशी लाटा अंगावर येतात, चपला जपा.

राहायला आम्ही गावाच्या कडेला एका कुटुंबाच्या खोल्या घेतल्या होत्या. स्वयंपाकाचा छोटा ओटा, गच्चीवरून थेट समुद्र, आणि घरातल्या आजीबाई रोज सकाळी काहीतरी घेऊन यायच्या, कधी अंजीर, कधी लिंबाचा केक. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, सासूबाईंना ग्रीक येत नव्हतं, दोघी तासभर अंगणात बसायच्या. बीचवर राहायचं असेल तर आयोस प्रोकोपिओस, आया आना आणि प्लाका हे ओळीने आहेत, वाळू बारीक, पाणी उथळ, लहान मुलं असतील तर तिकडेच राहा. पण गाडी न घेता फिरायचं असेल तर गावातच, कारण बसस्टँड बंदराला लागून आहे आणि सगळ्या बसेस तिथून सुटतात. तिकीट चढण्याआधी काढायचं.

बसने डोंगरातल्या गावांना जा म्हणजे जाच. हाल्की, फिलोती, आपिरान्थोस. आपिरान्थोसच्या गल्ल्याच संगमरवराच्या आहेत, कारण डोंगरात दगडच तो. त्याच भागात कुरुंदाच्या (धार लावायला वापरतात त्या कडक दगडाच्या) खाणी होत्या आणि दगड समुद्रापर्यंत न्यायला बांधलेल्या रोपवेचे खांब अजून उभे दिसतात. फिलोतीच्या वर झास डोंगर, १००४ मीटर, झ्यूस लहानपणी इथे वाढला अशी गोष्ट सांगतात. उत्तरेला आपोलोनास गावाजवळ डोंगरात दहा मीटरहून लांब अर्धवट कोरलेला पुतळा आडवा पडून आहे, अडीच हजार वर्षांहून जास्त काळ, खाणीतून कधी बाहेरच काढला नाही. लेकीने त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत चालत जाऊन व्हिडिओ काढला, आधी फोनमध्ये डोकं घालून बसली होती ती तिथे गप्प झाली.

हाल्कीला १८९६ पासूनची वालिन्द्रास डिस्टिलरी आहे, तिथे कित्रो बनतं. हे महाळुंगाच्या पानांपासून काढलेलं मद्य, हो, आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ. सासूबाईंनी झाड बघितलं, पान चुरगाळून वास घेतला आणि इतक्या खूश झाल्या की दुकानातल्या बाईंना अंबाबाईचा मोबाइलवरचा फोटो दाखवून झाला. कित्रो तीन रंगांत मिळतं, हिरवं सगळ्यात गोड आणि सौम्य, बिनरंगी मधलं, पिवळं जास्त कडक. मला पिवळं आवडलं, थंडगार, जेवणानंतर घोटभर. तांब्याचं जुनं भांडं आणि गाळण्याची सगळी पद्धत नीट दाखवतात.

नॅक्सोसचं जेवण हा सायक्लाडीजमधला सगळ्यात चांगला सौदा आहे. इथले बटाटे ग्रीसभर नावाजलेले, नुसते ऑलिव्ह ऑइलमध्ये तळलेले फ्राइज घेतले तरी कळतं. ग्राविएरा चीज मुख्यतः गायीच्या दुधाचं, जरासं गोडसर, तव्यावर भाजून सागानाकी म्हणून देतात. वर लिंबू पिळायचं. आणि दही, त्यावर रानातल्या थाइमचा मध आणि अक्रोड, आम्ही रोज खाल्लं.

शाकाहारी लोकांनी ग्रीसला घाबरू नका. मेन्यूमध्ये लादेरा नावाचा प्रकार शोधा, म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची (खिमा नाही ना ते विचारा), ब्रिआम म्हणजे वांगी-बटाटा-झुकिनी ओव्हनमध्ये, गिगांतेस म्हणजे मोठे पांढरे वाल टोमॅटोच्या रश्शात, फासोलाकिया म्हणजे फरसबी. आणि एक शब्द पाठ करा, निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास भरपूर असतात आणि त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही. पण सावध, त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकुल, ऑक्टोपस चालतं, तेव्हा तेही नको असं वेगळं सांगायला लागतं. चीजच्या बाबतीत, पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्या. ब्रेडचे माणशी पैसे बहुतेक ठिकाणी आपोआप बिलात लागतात, ती फसवणूक नाही, तिकडची रीत आहे. जेवण झाल्यावर फळं किंवा छोटा ग्लास रकीचा (द्राक्षाची कडक दारू) फुकट येतो तीही रीतच.

मासे खाणाऱ्यांनी पारोसला नाउसा गावी एक दिवस जा, नॅक्सोसहून बोटीने तासाभराच्या आत पारोसच्या बंदरावर पोचता. छोटंसं कोळ्यांचं बंदर, दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले, मग कोळशावर भाजतात. गुना म्हणून एक प्रकार आहे, बांगडा मधून उघडून मीठ लावून उन्हात ठेवतात आणि भाजतात, नवऱ्याने दोन प्लेटी संपवल्या आणि अजून आठवण काढतो. फक्त ताजे मासे किलोवर विकतात हे लक्षात ठेवा, मासा निवडला की समोर वजन करायला सांगा आणि किंमत आधी ऐका, मेन्यूतला आकडा प्लेटचा नसतो. बाकी पारोसचं गाव आता फार गर्दीचं झालंय, एक दिवस पुरे.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी बोट. एक्सप्रेस स्कोपेलितिस. नाव एक्सप्रेस, चाल अगदी निवांत, आकाराने छोटीशी. सकाळी अमोर्गोसहून निघून छोट्या बेटांवरून नॅक्सोसला येते आणि दुपारी परत जाते, इराक्लिया, स्किनूसा, कूफोनीसी, काही दिवशी दोनूसा, मग अमोर्गोस. या बेटांची ही जीवनदोरी आहे. आमच्याबरोबर बोटीत होत्या अंड्यांचे ट्रे, औषधांच्या पिशव्या, एक नवीन वॉशिंग मशीन, पाद्रीबुवा, शाळेतल्या बाई आणि दोन बकऱ्या. प्रत्येक धक्क्यावर लोक यायचेच सामान घ्यायला, खलाशी नावाने हाका मारायचे. नॅक्सोस आणि इराक्लियाच्या मध्ये उघड्यावर लाटा लागतात, बोट डुलते, ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्या आणि मागच्या बाजूला खालच्या डेकवर बसा, नजर क्षितिजावर. पण हा प्रवास चुकवू नका. आमच्या पूर्ण ट्रिपमधला हा सगळ्यात स्वस्त प्रवास होता आणि सगळ्यात सुंदर.

कूफोनीसी (वरचं म्हणजे आनो कूफोनीसी, खालचं कातो म्हणजे जवळजवळ निर्मनुष्य) सहा चौरस किलोमीटरही नाही. गाडीची गरजच नाही. गावातून किनाऱ्याकिनाऱ्याने पायवाट पोरी बीचपर्यंत जाते, वाटेत एकामागून एक छोट्या खाड्या, प्रत्येकीचं पाणी वेगळ्या निळ्या रंगाचं, आणि खडकात नैसर्गिक गोल हौद झालाय, पिसिना म्हणतात, पोहता येत असेल तरच उतरा. समोर केरोस बेट दिसतं, तिथे आता कुणी राहत नाही, पण इसवीसनपूर्व तिसऱ्या सहस्रकात तिथे मोठं ठिकाण होतं, त्या हाताची घडी घातलेल्या सपाट चेहऱ्याच्या संगमरवरी मूर्ती, त्यांचे मुद्दाम फोडलेले तुकडे ढिगांनी तिथे सापडले. लोक ते तुकडे दुसऱ्या बेटांवरून घेऊन यायचे असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे बोटीने बेटाबेटांवर फिरायची रीत किती जुनी बघा.

इथली खोली साधी होती, पांढऱ्या भिंती, निळी खिडकी, वायफाय हवा असेल तसा चालायचा. ऑगस्टमध्ये इथे इटालियन आणि अथेन्सवाले तुडुंब भरतात, तेव्हा येऊ नका. आम्ही मे महिन्याच्या शेवटी गेलो, मुलांची सुट्टी आणि तिकडचा वसंत एकाच वेळी जुळतो, आपल्या लोकांसाठी हाच उत्तम काळ. पाणी अजून गार असतं एवढंच, सप्टेंबरमध्ये ते कोमट असतं.

अमोर्गोसला होझोविओतिसा मठ बघायला गेलो. समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर उंच कड्याला चिकटवल्यासारखी पांढरी भिंत, अकराव्या शतकातला. शेकडो पायऱ्या आहेत, सासूबाई अर्ध्यावर बसल्या आणि समुद्र बघत राहिल्या, आम्ही वर गेलो. पुरुषांना फुलपँट आणि बायकांना लांब स्कर्ट लागतो, पँट घातलेली चालत नाही, एक ओढणी बॅगेत ठेवा, कमरेला गुंडाळता येते. वर पोचलं की साधू प्यायला पाणी, गोड लोकूमी आणि छोटा ग्लास मध-मसाले घातलेल्या रकीचा देतात. दालचिनी आणि लवंगेचा वास असलेली ही रकी अमोर्गोसची खासियत, गावातल्या कॅफेतही मिळते. मटण खाणाऱ्यांनी पातातातो घ्या, बकरीचं मटण आणि बटाटे टोमॅटोच्या रश्शात.

सँटोरिनी. आता बघा, सुंदर नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. इसवीसनपूर्व १६०० च्या आसपास ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि बेटाचा मधला भाग खचून समुद्र आत आला, बोट त्या खचलेल्या काल्डेरात शिरते तेव्हा दोन्हीकडे काळे-तांबडे कडे आणि वर पांढऱ्या घरांची किनार, हा देखावा बोटीच्या डेकवरूनच बघायचा असतो, विमानाने येणाऱ्यांना तो मिळत नाही. पण बोटीतून उतरलात की आथिनिओस बंदर, कड्याच्या पायथ्याशी चिंचोळी जागा, बसेस, टॅक्स्या, हॉटेलच्या व्हॅन, सगळ्यांची एकच झुंबड, आणि वर जायला वळणावळणाचा एकच रस्ता. सार्वजनिक बस बोटीच्या वेळेला उभी असते, फिरा नावाच्या मुख्य गावाला नेते, ती घ्या.

इथल्या ज्या हॉटेलात राहिलो त्याचं नाव लिहीत नाही, पण "काल्डेरा व्ह्यू" म्हणून जे पैसे घेतले त्यात खोलीतून दिसायची शेजारच्या हॉटेलच्या टाकीची भिंत, बाल्कनीच्या टोकाला जाऊन मान वाकडी केली की समुद्राची पट्टी. बुकिंगच्या आधी त्याच खोलीचा, बेडवर बसून काढलेला फोटो मागवा, देत नसतील तर सोडून द्या. माझं म्हणणं, काल्डेराच्या कडेला राहण्यापेक्षा पिर्गोस किंवा मेगालोहोरी गावात राहा, निम्म्या पैशात शांत अंगण मिळतं, आणि काल्डेरा बघायला फिरा गाव ते इमेरोविग्ली गाव ही कड्यावरची वाट सकाळी सात वाजता चाला. वाट रिकामी असते. ओइया गावाचा प्रसिद्ध सूर्यास्त आम्ही सोडून दिला, क्रूझच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. क्रूझवाल्यांवर दिवसाला ८००० ची मर्यादा आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून माणशी २० युरो कर आलाय तो उगीच नाही.

आक्रोतिरीला मात्र पूर्ण सकाळ द्या. त्या स्फोटाच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर, १९६७ पासून पद्धतशीर उत्खनन चालू आहे, दोन-तीन मजली घरं, गटारांची व्यवस्था, धान्याचे रांजण जागच्या जागी. माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, म्हणजे लोक वेळेत निघून गेले असावेत, बोटींनीच. वर छप्पर आहे, रस्ता सपाट आहे, सासूबाई आरामात फिरल्या.

सँटोरिनीचं खाणं-पिणं मात्र खरंच वेगळं आहे आणि पैसे खर्च करायचे तर इथे करा. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह ऑइल आणि केपर्स. ती डाळ लाखेच्या जातकुळीतली, या बेटावर हजारो वर्षं पिकतेय. सासूबाईंनी दोन्ही दिवस तेच खाल्लं, भात मागवून त्यावर घेतलं, वेटरला गंमत वाटली पण त्याने आणून दिलं. छोट्या टोमॅटोचे तळलेले वडे, तोमातोकेफ्तेदेस, पाऊस फार कमी म्हणून टोमॅटोला चव अशी दाट. आणि वाइन. असिर्तिको द्राक्षाचे वेल इथे मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवर टोपलीसारखे गोल वळवतात आणि घड आत वाढतात, वाऱ्यापासून वाचतात आणि रात्रीच्या दवावर जगतात. युरोपातले द्राक्षमळे एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने साफ केले, पण इथल्या ज्वालामुखीच्या मातीत ती कीड टिकली नाही, त्यामुळे वेल अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. चव कोरडी, आंबट, शेवटी खारट, भाजलेल्या माशाबरोबर अप्रतिम. गोड आवडत असेल तर उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची विनसान्तो. वाइनरीत टेस्टिंग घ्या, पण सूर्यास्ताच्या स्लॉटचे जास्त पैसे लावतात, दुपारी जा, वाइन तीच असते.

काही बारीकसारीक. बेटांवर नळाचं पाणी खारट किंवा समुद्राचं गोडं केलेलं असतं, प्यायला बाटली घ्या. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारी डबा असतो, पाइप अरुंद असतात, नियम पाळा. हॉटेलात बुकिंगच्या रकमेशिवाय रात्रीमागे कर द्यावा लागतो, सीझनमध्ये हॉटेलच्या स्टारप्रमाणे खोलीला २ ते १५ युरो, बरेचदा तिथेच मागतात. तिकिटं फेरीहॉपर या वेबसाइटवर सगळ्या कंपन्यांची एकत्र दिसतात, क्यूआर कोड फोनवर येतो. मोठ्या बोटीचं इकॉनॉमी तिकीट मे-जूनमध्ये आठवडाभर आधी मिळून जातं, पण १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा ग्रीस बोटीत असतो, मदर मेरीचा सण, तिनोस बेटावरच्या देवळाकडे लोक बंदरापासून गुडघ्यांवर रांगत जातात, तेव्हा महिनाभर आधी काढा नाहीतर जाऊच नका.

आणि परतताना सँटोरिनीहून बोटीचे आठ तास नको वाटले तर तिथून अथेन्सला विमान आहे, नॅक्सोसहूनही छोटं विमान जातं. आम्ही मात्र परत बोटच घेतली, दुपारी निघून रात्री पिरेयसला, सासूबाईंनीच हट्ट धरला.